मानवतावाद आला, मग चित्रं धार्मिकच का राहिली?

रंगरेषा
युरोपातल्या प्रबोधनकाळाबद्दल (रेनेसाँ) वाचताना एक वाक्य सगळीकडे भेटतं: माणूस केंद्रस्थानी आला, धर्म मागे पडला. चित्रं पाहावीत तर येशूची आई मरिया, क्रूस आणि संतांचीच गर्दी. मग मानवतावाद चित्रात शोधायचा कुठे? वर्गात दाखवायचा आहे, म्हणून मुलांना स्वतः पडताळता येईल असं एखादं चित्र सुचवा.

ओलाचुना
'धर्म मागे पडला' हे आधी खोडून टाका. प्लेटोचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणणारा मानवतावादी मार्सिलियो फिचिनो १४७३ मध्ये रीतसर धर्मगुरू झाला होता. विषय तेच राहिले, ते कोणाच्या नजरेतून रंगवायचे हे बदललं.

यासाठी मासाच्चो या चित्रकाराचं 'पवित्र त्रैक्य' (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) घ्या. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोवेल्ला चर्चमधलं, साधारण १४२५ ते १४२७ चं हे भित्तिचित्र जवळजवळ ६६७ सेंमी उंच आहे. प्रिंट पूर्ण हवी, तळाच्या थडग्यावरच्या सांगाड्यासकट. पुष्कळ ठिकाणी तो भाग कापून छापतात, आणि मग उंचीचा सगळा हिशेबच चुकतो. आता कमानदार छतावरच्या चौकटींच्या मागे जाणाऱ्या कडा पट्टीने खाली वाढवा. त्या क्रुसाच्या पायथ्याशी, चित्राचा खर्च देणारं देणगीदार जोडपं जिथे गुडघे टेकून बसलंय त्या पायरीच्या आसपास एकत्र येतात. हा एकत्र येण्याचा बिंदू, म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट, चर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आहे. छताकडे मान वर करून पाहावं लागतं, थडग्याकडे खाली. गिलावा ओला असताना ओरखडलेल्या आखणीच्या रेषा आजही भिंतीवर दिसतात.

ते जोडपंही नीट पाहा. आधीच्या चित्रांत देणगीदार बहुधा संतांच्या पायाशी बोटभर असत. इथे ते खांबांच्या बाहेर आहेत, पण मरियेच्याच मापाचे.

मुलं एका ठिकाणी हमखास अडतात. पिता परमेश्वर क्रुसाच्या मागे उभा आहे, तरी लहान होत नाही आणि खालून पाहिल्यासारखाही दिसत नाही. 'इथे चुकलं' असं ती म्हणतील. अभ्यासकांत यावर वाद आहे. माझ्या मते हे जाणूनबुजून केलंय: वास्तू माणसाच्या डोळ्याने मोजायची, परमेश्वर नाही. श्रद्धा आणि भूमिती एकाच भिंतीवर इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

पानोपानी
वरच्या उत्तराशी सहमत, पण पैशाची बाजू राहिली. असल्या मोठ्या कामांचा विषय बहुधा पैसे देणारा ठरवायचा, आणि तो बहुतेकदा चर्च, मठ किंवा धर्मादाय संस्था असायचा. फ्लोरेन्सच्या अनाथाश्रमाने १४८५ मध्ये चित्रकार घिर्लांदायोशी केलेला करार बघा. वेदीमागचं चित्र, विषय बाळ येशूला वंदन करणारे पूर्वेचे ज्ञानी. मोबदला ११५ फ्लोरिन (फ्लोरेन्सचं सोन्याचं नाणं), मुदत ३० महिने. निळा रंग अल्ट्रामरीनच, तोही औंसाला सुमारे ४ फ्लोरिनचा. रंगांचा खर्च चित्रकाराकडे. काम तेवढ्या किमतीचं वाटलं नाही तर मोबदला कमी करायची मुभाही आश्रमप्रमुखाने स्वतःकडे ठेवली होती. अल्ट्रामरीन लाजवर्दाचा दगड दळून करत आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा, म्हणून दर्जा किमतीत बांधून घेत. हलक्या दर्जाचा निळा रंग खपवला जाण्याची भीती असायची.

विषय ठरलेला, साहित्यही बरंचसं ठरलेलं. चित्रकाराच्या हातात उरायची ती मांडणी, चेहरे आणि शरीरं, आणि मानवतावाद शिरला तो तिथूनच.

रंगरेषा
पट्टीचा प्रयोग वर्गात नक्की करणार. पण चर्चला हे कधी खटकलंच नाही?

ओलाचुना
खटकलं, विशेषतः डिसेंबर १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने चित्रांबाबत ठराव केल्यावर. मायकेलअँजेलोच्या 'अंतिम निवाड्या'तल्या नग्न आकृत्यांवर १५६५ मध्ये वस्त्रं रंगवायला सुरुवात झाली.

वर्गासाठी मात्र व्हेरोनेझे हा चित्रकार जास्त चांगला. व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी त्याने येशूचं शेवटचं भोजन रंगवलं, रुंदी जवळपास १३ मीटर. १५७३ मध्ये धर्मन्यायालयाने त्याला बोलावून विचारलं: या प्रसंगात पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर आणि जर्मन सैनिक कशाला? तीन महिन्यांत, स्वखर्चाने दुरुस्ती करायचा हुकूम झाला. त्याने विदूषक, नोकर, सैनिक सगळ्यांनाच जागेवर ठेवलं आणि चित्राचं नाव 'लेवीच्या घरची मेजवानी' केलं. जिन्याच्या कठड्यावर लॅटिनमध्ये बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचा हवाला लिहिलाय. मोठ्या प्रिंटवर तो मुलांना सहज वाचता येईल.