धान्य घरात आलं, तरी आई रात्री उठून डबे का उघडते?

गिरणाकाठचा (भडगाव तालुका)

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घरात आम्ही तिघं. आई, अकरावीतला धाकटा भाऊ आणि मी. वडील जाऊन चार वर्षं झाली. मी पाचोऱ्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आहे, आई कापूस वेचायला जाते. वेचणी किलोवर, ती फार तर संक्रांतीपर्यंत चालते. तिथून पेरणीपर्यंत घर रेशनवर आणि माझ्या पगारावर.

यंदा दोन्ही एकदम बंद पडलं. गाडीवरून पडून माझा हात मोडला, अडीच महिने पगार नाही. त्याच सुमारास वडिलांचं नाव कमी करायला अर्ज दिला, तर अख्खं कार्डच ऑनलाइन दिसेना. दुकानदार म्हणे तालुक्याला जा, तालुक्याचे म्हणत दुकानदाराला विचारा. कार्ड परत आलं तेव्हा केवायसीसाठी आईचा अंगठा लागेना. बोंडांनी नि निंदणीने बोटं घासून इतकी गुळगुळीत झालीत की रेषाच नाहीत. एकूण तीन महिने धान्य नाही. किराणावाल्याने आधीचे साडेचार हजार बाकी म्हणून हात वर केले. त्याचंही चूक म्हणवत नाही.

मला फार उशिरा कळलं ते पुढचं. मी नि भाऊ जेवायला बसलो की आई म्हणायची, “मन्हं जेवन व्हयी गयं, तुम्ही खाई ल्या.” तिचं ताट धुऊन, ओलं, पालथं घातलेलं असायचं. म्हणजे जेवली असणार, असं मी धरून चाललो. एक दिवस भाकरी करताना मी तिथेच बसलो होतो. पाच थापल्या. आम्ही दोघांनी पाच खाल्ल्या. आणि ताट तरी ओलं! न जेवता नुसतं विसळून ठेवायची. किती दिवस चाललं होतं देव जाणे.

वैशाखात ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, ‘चांगलं खा’ म्हणाले. जाता येता कच्चे तांदूळ चघळायची तिची सवय होती, तीही रक्त कमी असल्यामुळे असू शकते हे तिथे कळलं.

आता माझा हात बरा आहे, पगार सुरू आहे, रेशनही मिळतंय. कोठीत पंचवीस किलो तरी धान्य आहे. पण आई रात्री दीड-दोनला उठते नि डब्याची झाकणं उघडून बघते. पिठात बोट खुपसून किती उरलंय ते मापते. मला उठवून विचारते, “इतलं पुरी का रे?” भावाने तिसरी भाकरी घेतली की तिचा चेहरा बदलतो, मग स्वतःच रडते. परवा गोधडीच्या घडीत फडक्यात बांधलेले भाकरीचे वाळके तुकडे सापडले, बुरशी धरलेले. मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

हे भुकेमुळे झालंय का? की डोक्याचा वेगळा आजार आहे? गावात कोणी म्हणतं बाहेरचं आहे, भगताकडे ने. आणि धान्य आल्यावर हे आपोआप जायला नको होतं का?

जिभाऊ_अमळनेर

बेटा, गोळ्यांच्या नादी लागू नको. ७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी तव्यावरच फुटायची. माय-बाप खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची. टेन्शन हा शब्द कोणाला माहीत नव्हता. आईला दादर ज्वारीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि लसणाची चटणी दे. महिन्यात ठणठणीत होईल.

अंगणवाडी_शहादा

जिभाऊ, रागावू नका. ७२ ला अख्खं गाव एका रांगेत होतं. सगळ्यांच्या ताटात मिलो, मग लाजायचं कोणी कोणाला? आता शेजारच्या घरात शेवभाजीची फोडणी पडते आणि भिंतीपलीकडे एक बाई कोरडं ताट विसळून पालथं घालते. तिला हे कोणाला कळू द्यायचं नसतं. ते लपवणंच जास्त खातं माणसाला.

दादा, तुमच्या आईने केलं ते मी दर महिन्याला बघते. धडगावकडे माझी मावसबहीण पण याच कामात आहे. तिकडे अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, ते अंगणवाडीतच बसून खायचं. नव्या सुपरवायझर विचारतात, डबा दिला तर काय बिघडलं? बिघडतं असं की डबा घरी गेला की त्याचे पाच वाटे होतात आणि बाईच्या वाट्याला डब्याचं तळ येतं. बहिणीसमोर बसलेली एक बाई उकडलेलं अंडं हळूच पदरात घेत होती. बहीण म्हणाली, इथेच खा. तर ती अंडं हातात धरून रडायला लागली, की लेकराला सोडून घशाखाली उतरत नाही.

पोरांचंही सांगते. दिवाळीनंतर इकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीच्या आगेमागे परततात. परत आलेल्या लेकरांच्या दंडाला आम्ही मापाची पट्टी लावतो, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. लोकांना वाटतं भुकेलं मूल रडतं. पहिले काही दिवस रडतं. नंतर गप्प होतं, भिंतीला टेकून बसतं, खेळणं पुढे ठेवलं तरी हात लावत नाही. आई म्हणते, ‘गरीब आहे, त्रास देत नाही.’ मला त्या गप्प पोराची जास्त भीती वाटते.

भगताकडे नेऊ नका. आणि अंगठ्याचं म्हणाल तर डोळ्याच्या बुबुळावरून केवायसी होते, मोबाइलवर ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरूनही होते, फक्त आधारला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. परत अडवलं तर १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आमच्याच तालुक्यात, टेंभलीला दिलं होतं. आणि अजून आमच्याकडच्या बाया अंगठा उमटावा म्हणून बोटाला तेल लावून मशीनसमोर उभ्या असतात. असो.

साक्रीचा_डॉक्टर

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे निदान समजू नका. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात.

पहिली शरीराची. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं की आम्ही त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतो. त्यात छाती धडधडते, धाप लागते. ती धडधड आणि भीतीची धडधड आतून सारखीच वाटते. लोह कमी असलं की काहींना रात्री पाय चावल्यासारखे होतात, सारखे हलवावेसे वाटतात. आई दीडला आधी पायांमुळे उठत असतील आणि मग डब्यांकडे जात असतील. विचारून बघा. बी-१२ आणि थायरॉइडही तपासा. नुसत्या भाकरी-भाजीवर राहणाऱ्यांत बी-१२ हमखास कमी सापडतं, आणि त्याने मुंग्या येतात, विसरायला होतं, चिडचिड वाढते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर कोरा चहा घेत असतील तर तास-दीड तास पुढे ढकला, चहा लोह अंगी लागू देत नाही. भाजीवर लिंबू पिळा. मिश्री लावतात का? पोटात काही नसलं की बायका मिश्री लावून भूक मारतात, हे दवाखान्यात कोणी आपणहून सांगत नाही.

दुसरी मनाची. अन्नाची असुरक्षितता मोजायला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची एक पट्टी आहे. अख्खा दिवस उपाशी राहिलात का, हा त्यातला शेवटचा प्रश्न. पहिला आहे: पैसे नसल्यामुळे अन्न पुरेल की नाही अशी काळजी वाटली का? पोट रिकामं होण्याच्या कितीतरी आधी काळजी सुरू होते.

ती इतक्यात जात का नाही, याचं उत्तर जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन पाव हिश्श्याने उतरलं, पण वाचताना मी जास्त हललो ते त्यांच्या वागण्याने. शिकलेली माणसं ताट चाटायची, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, एकमेकांवर खेकसायची, उदास पडून राहायची. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही कित्येकांच्या डोक्यातून अन्न महिनोन् महिने गेलं नाही. आणि या लोकांना प्रयोग कधी संपणार ती तारीख माहीत होती. तुमच्या आईला रेशन कधी सुरू होणार हे कोणी सांगितलं होतं?

म्हणून फडकं सापडलं तर फेकू नका, ओरडू नका. झाकणाचा एक डबा आणून द्या, ‘हा तुझा, यातलं कोणी घेणार नाही’ म्हणून सांगा. ताट वाढून एकत्र बसा, ताट ओलं दिसतंय यावर भरवसा ठेवू नका. महिन्याभरात झोप सुधारली नाही तर सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा. त्याआधी १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी, क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. मरणाचं बोलायला लागल्या किंवा जेवण पूर्ण सोडलं तर मात्र त्याच दिवशी न्या.

एक जाता जाता. रेशन मोफत मिळालं तरी महिन्याला माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅम, फार तर साडेपाचशे-सहाशे उष्मांक. वेचणीला जाणाऱ्या बाईला त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. डाळ, तेल, भाजी विकतच. घरात पैसा नसला की पहिली डाळ जाते, मग भाजी, आणि भात-चहा-बिस्किटावर दिवस निघतो. पोट भरल्यासारखं वाटतं, रक्त मात्र होत नाही. त्याच खाण्यावर कित्येकांची साखर वाढलेली मी बघतो. पोट सुटलेली व्यक्ती कुपोषित असू शकते, हे नातेवाइकांना सांगून सांगून थकलो.

जिभाऊ_अमळनेर

अंगणवाडीच्या ताई, तुमचं बरोबर असेल. माझी माय आता सत्त्याऐंशीची आहे. मिलोचं नाव काढलं की अजून उठून आत जाते. मी कधी विचारलं नाही का ते.

गिरणाकाठचा (भडगाव तालुका)

सव्वा महिन्याने लिहितोय, माफ करा. सगळ्यांचे आभार.

हिमोग्लोबिन ८.५ झालं. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. पायांचं विचारलं तर म्हणाली, “मुंग्या येतस, त्यात काय सांगानं?” मिश्रीचं डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. दिवसात चारदा लावायची, आता सकाळी एकदाच, असं म्हणते तरी.

डबा दिला. निळ्या झाकणाचा, दीड किलोचा. पहिले चार दिवस त्यात भाकरीचे तुकडेच ठेवले. मी काही बोललो नाही. मग तिनेच काढून म्हशीला घातले नि वाळवणातले बिबडे भरले, ते टिकतात म्हणून. रात्री अजून उठते, पण रोज नाही. मला उठवत नाही. झाकणाचा आवाज येतो, मी जागा असतो, पडून राहतो.

१४४१६ ला मीच बोललो, आईच्या निमित्ताने. बोलता बोलता माझंच निघालं, ते जाऊ द्या.

जेवायला आता तिघं एकत्र बसतो. भाऊ तिसरी भाकरी मागायला अजून लाजतो, तर काल तिनेच त्याच्या ताटात टाकली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर साहेब, एक विचारायचं राहिलं. इंजेक्शनाने दंड दुखतो म्हणून ती पुढचं घ्यायला तयार नाही. गोळीने भागेल का? आणि जिभाऊ, अमळनेरकडे दादर काय भावाने आहे सध्या?