मदत हवी आहे: जर्मन सम्राटांच्या नाण्यांवरचे क्रमांक आणि पदव्या जुळत नाहीत

नाणेघाटी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळीनंतर जुन्या नाण्यांचं छोटं प्रदर्शन आहे. त्यातलं 'जर्मन सम्राट' हे कपाट माझ्या गळ्यात पडलंय. प्रत्येक नाण्याखाली दोन ओळींची चिठ्ठी लावायची आहे आणि तिथेच गाडं अडलंय.

मारिया तेरेसाच्या चांदीच्या थेलरवर १७८० साल आहे आणि तिच्या नावापुढे 'आर. इम्प.', म्हणजे रोमनांची सम्राज्ञी, असं कोरलंय. पण सम्राटांच्या कुठल्याही यादीत ती नाही. १८०० सालच्या तांब्याच्या सहा क्रॉयत्सरवर 'फ्रान्झ दुसरा' आहे, तर १८३० च्या चांदीच्या वीस क्रॉयत्सरवर 'फ्रान्झ पहिला'. चेहरा तोच, फक्त म्हातारा झालेला. दुसऱ्याचा पहिला कसा झाला? तिसरं कोडं १८८८ चं दोन मार्क. पुस्तकात त्याला फ्रेडरिक तिसरा म्हणतात, पण नाण्यावर नुसतं 'फ्रेडरिक'. आणि तिसरा फ्रेडरिक तर पंधराव्या शतकातच होऊन गेला ना?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. विकीवर वाचलंय, पण डोक्याचा भुगा झाला.

टांकसाळ

आधी गादी कशी मिळायची ते बघा, मग निम्मा गुंता आपोआप सुटतो. जुन्या पवित्र रोमन साम्राज्यात (नाव रोमन, पण मुलूख मुख्यतः जर्मन) सम्राट निवडला जायचा. चौथ्या कार्लने १३५६ च्या सुवर्ण फर्मानाने मतदार ठरवून दिले, ते सात: माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, र्‍हाइनचा पॅलाटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्राँडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह. निवडून आलेला माणूस 'रोमनांचा राजा' व्हायचा. सम्राट म्हणवून घ्यायला पोपच्या हातून मुकुट लागायचा. १५०८ मध्ये व्हेनिसने रोमची वाट अडवली, तेव्हा पहिल्या मॅक्सिमिलियनने ट्रेंटमध्येच पोपच्या संमतीने 'निर्वाचित रोमन सम्राट' ही पदवी घेतली. पोपच्या हातून मुकुट घेणारा शेवटचा म्हणजे पाचवा कार्ल, १५३० मध्ये, तोही रोमला नाही, बोलोन्याला.

आता मारिया तेरेसा. बापाने, म्हणजे सहाव्या कार्लने, १७१३ च्या प्रॅग्मॅटिक सँक्शन या वारसा-फर्मानाने मुलीला वारसा दिला, पण तो घरच्या मुलखाचा: ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमिया. साम्राज्याची गादी त्याच्या खिशातली नव्हती आणि तिथे बाई निवडली जात नसे. १७४२ मध्ये मतदारांनी चक्क बव्हेरियाचा सातवा कार्ल निवडला. तो १७४५ मध्ये वारला, तेव्हा तिचा नवरा फ्रान्झ स्टेफान निवडून आला. पाटलाची बायको ती पाटलीण, तशी ही सम्राज्ञी. फ्रँकफुर्टच्या राज्याभिषेकाला ती गेली, पण स्वतःला मुकुट घालून घ्यायला तिने साफ नकार दिला.

थेलर नीट बघा, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र दिसेल. ती विधवेची ओढणी आहे. नवरा १७६५ मध्ये गेला आणि मुलगा दुसरा योसेफ सम्राट झाला. यादीत तिच्या जागी नवऱ्याचं आणि मग मुलाचं नाव येतं.

रानवारा

टांकसाळ यांना +१. चिठ्ठीत 'नाणं १७८० चं' असं लिहू नका बरं का. ती वारल्यावरही तेच साल ठेवून हे थेलर पाडत राहिले, कारण अरबस्तान आणि तांबड्या समुद्राकाठचे व्यापारी दुसरं नाणं घेईनात. १९४० च्या सुमारास आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ते पाडले गेले. 'नाण्यावरील साल १७८०' एवढंच लिहा.

नाणेघाटी

ओढणी! इतकी वर्षं नाणं माझ्याकडे आहे, मला तो केशसंभार वाटायचा. आभार.

पण एक शंका. निवडणूक होती तर मारिया तेरेसाचं हाब्सबुर्ग घराणंच कसं चिकटून राहिलं?

टांकसाळ

बापाच्या हयातीतच मुलाला किंवा भावाला 'रोमनांचा राजा' निवडून घ्यायचं. बाप गेला की नव्या निवडणुकीचा प्रश्नच नाही. योसेफला असंच १७६४ मध्ये निवडून घेतलं होतं. शिवाय पैसा. १५१९ मध्ये पाचव्या कार्लच्या निवडणुकीला साडेआठ लाखांच्या आसपास गुल्डेन लागले आणि त्यातले पाच लाखांवर एकट्या ऑग्सबुर्गच्या फुगर सावकारांचे होते. मतं तेव्हाही फुकट नव्हती. १४३८ ते १७४० सलग तीनशे वर्षं एकच घर.

जुनाट_कपाट

फ्रान्झचं मी सांगतो, माझा आवडता विषय. १७९२ मध्ये तो निवडून आला तो रोमन सम्राट म्हणून, आणि त्या यादीतला दुसरा फ्रान्झ. पहिला म्हणजे मारिया तेरेसाचा नवरा, याचा आजोबा. मे १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला. फ्रान्झला दिसत होतं की निवडणुकीची गादी आज आहे, उद्या नेपोलियन मतदारच फोडेल. म्हणून ऑगस्ट १८०४ मध्ये त्याने ऑस्ट्रियाचा वंशपरंपरागत सम्राट ही नवी पदवी स्वतःच घेतली. त्या पदवीत आधी कोणी फ्रान्झ नव्हता, म्हणून हा पहिला. दोन वर्षं दोन्ही पदव्या एकदम चालल्या. १८०५ चा थेलर कुठे मिळाला तर त्यावर 'रोमन आणि वंशपरंपरागत ऑस्ट्रियन सम्राट' असं दोन्ही एका दमात लॅटिनमध्ये कोरलेलं दिसेल. पुढे जुलै १८०६ मध्ये सोळा जर्मन संस्थानं नेपोलियनच्या र्‍हाइन संघात गेली आणि ६ ऑगस्टला फ्रान्झने जुना मुकुट उतरवून साम्राज्यच मोडीत काढलं. तुमचं १८३० चं नाणं त्यानंतरचं, म्हणून 'पहिला'. खरं तर ते 'जर्मन सम्राट' कपाटातलं नाहीच, पण शेजारी ठेवा, बघणाऱ्याला मजा येईल.

इतिहासाचा_पेपर

राहिला १८८८ चा. जुन्या साम्राज्यात फ्रेडरिक तीन झाले: बार्बारोसा, त्याचा नातू आणि १४९३ मध्ये वारलेला हाब्सबुर्ग. १८८८ च्या या फ्रेडरिकला वाटत होतं की आपण जुन्या साम्राज्याचे वारस, म्हणून 'चौथा' म्हणवून घ्यावं. त्याचा चान्सलर, म्हणजे पंतप्रधान, बिस्मार्कने ते होऊ दिलं नाही. प्रशियाच्या राजाला सम्राट करून उभं राहिलेलं १८७१ चं जर्मन राज्य नवं, त्याचा जुन्याशी संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. मग प्रशियाच्या राजांचा क्रम धरला आणि हा तिसरा ठरला. राज्य फक्त ९९ दिवस. घशाच्या कर्करोगाने वाचा गेलेली, चिठ्ठ्या लिहून बोलायचा.

नाणेघाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठी अशी करतोय: 'फ्रेडरिक तिसरा, जर्मनीचा सम्राट, १८८८. राज्यकाळ ९९ दिवस.' चालेल?

इतिहासाचा_पेपर

'जर्मनीचा' खोडा, 'जर्मन सम्राट, प्रशियाचा राजा' लिहा. नाण्यावरही तेच आहे. याच्या बापाला, पहिल्या विल्हेल्मला, 'जर्मनीचा सम्राट' हवं होतं. पण बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्गचे राजे आपापल्या गादीवर होते, त्यांच्या मुलखावर मालकी सांगणारी पदवी त्यांना कशी चालेल? १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायला घोषणा करताना बाडेनच्या ग्रँड ड्यूकने पेच ओळखून नुसता 'सम्राट विल्हेल्म' असा जयजयकार करून वेळ मारून नेली. म्हातारा विल्हेल्म बिस्मार्कवर इतका फुगला की समारंभात त्याच्याकडे न बघता पुढे गेला.

रानवारा

शेवटच्या विल्हेल्मचं नाणंही असेल ना कपाटात? त्याच्यानंतर वारस कोण धरायचा?

इतिहासाचा_पेपर

कोणी नाही. १८७१ च्या राज्यघटनेत जो प्रशियाचा राजा तोच जर्मन सम्राट, एवढंच होतं, सम्राटपदाचा वेगळा वारसा कायदा नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये दुसऱ्या विल्हेल्मला वाटलं की सम्राटपद सोडून प्रशियाचा राजा राहता येईल. ते शक्य नव्हतं. पंतप्रधान माक्स फॉन बाडेनने ९ नोव्हेंबरला त्याला न विचारताच दोन्ही गाद्यांचा राजीनामा जाहीर केला. विल्हेल्मने सही केली ती २८ तारखेला, हॉलंडमध्ये पळून गेल्यावर. युवराजाने १ डिसेंबरला आपला हक्क सोडला. त्याच्या नावाचं नाणं शोधत बसू नका.