वाघूळ, वागूळ की पाकोळी?

कृष्णाकाठ: केरळात निपाह विषाणूचा रुग्ण सापडला की आमच्या महाबळेश्वरची वटवाघळं हमखास पुन्हा बातमीत येतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये तिथल्या गुहेत त्यांचे नमुने घेतले, त्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली, आणि २०२१ मध्ये ते जाहीर झालं. माझी शंका मात्र शब्दाची. ‘वाघूळ’मध्ये वाघ कुठून आला? आणि गुहेत राहणाऱ्याला ‘वट’ कशाला?

बत्तीसशिराळा: वाघाचा संबंध नाही हो. संस्कृत ‘वल्गुली’, तिचं वागूळ, मग वाघूळ. आमचे आजोबा ‘वागूळ’च म्हणायचे. वडाला लटकतं ते वटवाघूळ. आमच्या ओढ्यावरच्या वडाखाली सकाळी चघळून टाकलेल्या चोथ्याचा सडा असतो.

माणदेशी: पण महाबळेश्वरला सापडलेली दोन जातींची होती ना? एक फळं खाणारं, दुसरं किडे टिपणारं, चिमूटभर. या धाकट्याला आमच्यात पाकोळी म्हणतात. दिवेलागणीला घरात शिरली की आजी म्हणायची, “दिवा मालव, जाईल आपसूक.” बातमीत मात्र दोन्हीला सरसकट वटवाघूळ.

कृष्णाकाठ: पाकोळी तर पक्षी ना?

माणदेशी: पक्षीही आहे, म्हणून तर घोळ. मग धाकटं वाघूळ म्हणा, पण त्याला वडावर टांगू नका.

कोयनामाई: मला दुसराच शब्द खटकतो. बांगलादेशात रात्री वाघळं झाडाला बांधलेल्या मडक्यातला रस चाटतात, त्यात त्यांची लाळ-लघवी पडते आणि तो कच्चा रस पिऊन माणसांना निपाह होतो. मराठी बातम्या लिहितात ‘खजुराचा रस’. वाचणाऱ्याला आठवतो वाण्याकडचा पेंडखजूर! अहो, ते झाड म्हणजे आपली शिंदी. ‘शिंदीची नीरा’ लिहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

बत्तीसशिराळा: वा ताई! गंमत म्हणजे ‘निपाह’ हेही ताडामाडाच्या गोतातलंच एक झाड. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांमार्फत माणसांत साथ आली, तेव्हा सुंगाई निपाह या गावावरून विषाणूला नाव पडलं. सुंगाई म्हणजे नदी.

कृष्णाकाठ: शिंदी म्हणजे केरसुणीची?

कोयनामाई: तीच. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू वाहतो ना, ती केरसुणी शिंदीच्याच पानांची.