मदत हवी आहे : जुना फिशटँक साफ करायचाय, मासे न मारता

इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्यांनी घर बदलताना अडीच फुटी टँक माशांसकट स्वस्तात दिला. दोन गोल्डफिश, एक भला मोठा सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा). पाणी चहासारखं, खड्यांत बोटभर गाळ, फिल्टरचा स्पंज तर बघवत नाही. मासे मात्र टकाटक!

दुकानदार म्हणतो, सगळं बाहेर काढून मिठाने घासा. मला ते पटत नाही. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात आणि खड्यांत असतात ना? म्हणून स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळणार आणि दर दोन-तीन दिवसांनी १०-१५ टक्के पाणी बदलणार. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी अँटिक्लोरीन आणलंय.

खरी भीती वेगळीच आहे. टँकचा पीएच ६, नळाचा साडेसातच्या आसपास. पीएच झटकन वाढला तर साठलेला अमोनिया विषारी होतो, म्हणजे पाणी याहूनही हळू बदलावं का? गाळ सायफनने एकदम ओढू की एकेक कोपरा? आणि अमोनियाची लिक्विड टेस्ट किट नाशकात, शक्यतो सिडको-पाथर्डी फाट्याकडे, कुठे मिळेल? सकर कोणाला हवा असेल तर तेही सांगा, अडीच फुटांत त्याचं काही खरं नाही.