फंक्शनमध्ये ॲरेची लांबी २ का येते?

प्रश्न: माझ्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या मेनमध्ये (मुख्य फंक्शनमध्ये) १० इंटचा (पूर्णांकांचा) ॲरे, म्हणजे ओळीने ठेवलेल्या मूल्यांचा संच, आहे. साइझऑफ (बाइटमधला आकार) ॲरे भागिले साइझऑफ इंट केलं की १० येतात. ॲरे दुसऱ्या फंक्शनला देऊन तोच हिशोब त्याच्या आत केला की २. असं का?

उत्तर: सीमध्ये फंक्शनला अख्खा ॲरे जातच नाही, जातो पहिल्या घटकाचा पत्ता. पॅरामीटरच्या (फंक्शनला मिळणाऱ्या मूल्याच्या) चौकटी कंसात १० लिहिलंत तरी कंपायलर त्याला पॉइंटरच, म्हणजे पत्ता साठवणारा व्हेरिएबलच, मानतो. ६४-बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, इंट ४ चा, म्हणून २. लांबी मेनमध्येच काढा आणि दुसरा पॅरामीटर म्हणून पाठवा.

आणखी एक उत्तर: जीसीसी (सीचा एक कंपायलर) या चुकीवर वॉर्निंग देतो, ती दुर्लक्षू नका. फंक्शन ॲरे फक्त वाचणार असेल तर पॅरामीटरला कॉन्स्ट (बदलायला मनाई करणारा शब्द) लावाच. नाहीतर आत चुकून केलेला बदल थेट मेनमधल्या ॲरेत होतो.