मुलांना न्यायव्यवस्था शिकवायची तर सुरुवात तालुक्याच्या कोर्टापासून का नको?

माणदेशी
आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय, न्यायाधीशांची नेमणूक, जनहित याचिका. निवृत्तीची वयं ६५ आणि ६२ मुलं अचूक लिहितात आणि गुण मिळवतात. त्याच मुलांना मी विचारलं, बातमीत ‘आरोपीला तीन दिवसांची पोलीस कोठडी’ म्हणतात, म्हणजे काय? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, तीन दिवसांची शिक्षा झाली. आणि ‘जामीन मिळाला’ म्हणजे? सुटला, पैसे चारले असतील.

अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, कोठडी तपासासाठी असते, जामिनावर बाहेर आलेल्या माणसावरचा खटला चालूच असतो. हे ज्याला कळत नाही तो उद्या व्हॉट्सअॅपवर कुणालाही गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. आणि आपल्याच भावाला उचलून नेलं तर कुणाकडे जायचं हे त्याला सुचत नाही.

म्हणून माझं म्हणणं, धडा खालून वर शिकवावा. आमच्या भागात बांधाचा, वाटणीचा वाद नाही असं घर विरळा. तरी मुलाला माहीत नसतं की शेताचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात जातो, आणि बांधावर कुणी डोकं फोडलं तर ते फौजदारी. ही दारं आधी दाखवा, दिल्ली नंतर.

गेल्या वर्षी न्यायाधीशांची परवानगी घेऊन मी नववीची मुलं तालुक्याच्या कोर्टात बसवली. वाटणीच्या दाव्यात एका आजींची उलटतपासणी चालू होती. ‘हा अंगठा तुमचाच ना?’ आजी म्हणाल्या, ‘माझाच हाय, पर वाचून कुणी दावलं न्हाई.’ वकिलांनी पहिलं अर्धंच उत्तर उचलून पुढचा प्रश्न टाकला. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं, पूर्ण उत्तर टंकलेखकाला सांगितलं आणि शेवटी सगळी साक्ष आजींना मराठीत वाचून दाखवायला लावली. मगच अंगठा घेतला. परतताना मुलं त्या अर्ध्या उत्तराबद्दलच बोलत होती. पुरावा म्हणजे काय हे मी वर्षभर फळ्यावर लिहून इतकं पोचवू शकले नसते.

तुम्हाला काय वाटतं?

बाररूम
मॅडम, तळमळ पोचली. तरीही माझा विरोध आहे, आणि मी याच कोर्टांत रोज उभा असतो.

तुम्हाला त्या दिवशी साक्ष मिळाली, हे नशीब. एरवी सकाळी अकराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, बघा. पुकारा होतो, पक्षकार हात जोडून उभा राहतो. समोरचे वकील गैरहजर, किंवा समन्स बजावणी नाही, किंवा साहेब रजेवर. रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारीखवार नोंदीत, एक ओळ पडते आणि पुढची तारीख. चौदा वर्षांच्या मुलाने दोन तास हे पाहिलं तर तो काय शिकेल? इथे काही होत नाही, एवढंच. त्यामागची कारणं समजायची त्याची तयारी नसते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तालुका लहान असतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आईचा पोटगीचा अर्ज त्याच दिवशी निघाला तर? एखाद्या मुलाचे वडील पोलिसांच्या गराड्यात आत आले तर? पोक्सोचे, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचे, खटले बंद दालनात चालतात, बालकाची ओळख गुप्त ठेवतात. पण बाकीचं बहुतेक कामकाज खुलं असतं आणि पुकारा नाव घेऊनच होतो. कायद्याने खुलं आहे म्हणून त्या मुलाच्या वर्गमित्रांना तिथे नेऊन बसवणं योग्य ठरत नाही.

त्यापेक्षा शाळेतच अभिरूप न्यायालय घ्या. एक काल्पनिक प्रकरण, दोन्ही बाजूंना वकील, साक्षीदार, निकाल. आणि आधी शिक्षकांना शिकवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३, फसवणुकीचं ३१८. वर्गात मात्र अजून जुन्या दंड संहितेतलं ३०२ आणि ४२० च ऐकू येतं.

सोनकी
तुम्ही दोघंही कोर्टापर्यंत पोचलेल्या माणसाबद्दल बोलताय. मी तालुका विधी सेवा समितीची स्वयंसेविका आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसले.’ काहीजणी पाच-सहा वर्षं गप्प बसलेल्या असतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळतो. बाईचं उत्पन्न किती हे विचारलंच जात नाही. शिक्षिका, तलाठी कुणीही असो, ती अर्ज करू शकते. १५१०० ही हेल्पलाइन आहे. दहावी झालेल्या किती मुलींना हे माहीत आहे?

शाळेतली शिबिरंही मी पाहते. पटांगणात सगळी शाळा उन्हात बसवायची, पाऊण तास कायद्यांची नावं वाचायची, सत्कार, फोटो, संपलं. मुली त्यातून काही घेऊन जात नाहीत. वर्गात तीसजणींना बसवून मोफत वकिलाचा अर्ज प्रत्यक्ष भरून घेतला तर त्या घरी जाऊन आईला सांगतात. काही आया त्यानंतर आमच्याकडे आल्या आहेत. म्हणून मी म्हणेन, रचना नको, सहल नको, आधी हे शिकवा.

गुरुजी_निवृत्त
मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मला ही चर्चाच काळजीची वाटते. आपण मुलांना हक्क, अर्ज, तक्रारी शिकवतो आहोत. कायद्याचा आदर कुठे आहे? या वयात संस्थेबद्दल श्रद्धा तयार व्हायला हवी. विलंब, त्रुटी, चुकलेले निकाल हे सगळं कॉलेजात कळेलच. श्रद्धा आधी तयार झाली नाही तर पुढे कधीच होत नाही.

आणि गावातले सगळे वाद कोर्टातच न्यायचे का? २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या गावात भावाभावांचे जुने दावे पारावर बसून मिटले. मुलांना समेट शिकवा.

कृष्णाकाठ
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत आहे.

कोर्ट चुकतं हे लपवून ठेवलेला आदर पहिल्या धक्क्याला जातो. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की स्थानबद्ध, म्हणजे खटल्याशिवाय डांबलेल्या, माणसाला सुटकेसाठी कोर्टाकडे दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं, त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात आपल्या पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला, आणि तो चूक होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचा निकाल मुलाने, पदाचा मान राखून, कारणं लिहून खोडला. नववीच्या मुलाला हे सांगितलं तर त्याची श्रद्धा कमी होईल की वाढेल?

मुंबई उच्च न्यायालयात तर ज्या दालनात १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तिथेच त्यांच्या शब्दांचा फलक लावलेला आहे. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने तो लावला.

समेटाचं म्हणाल, तर दोन भावांत तो चांगलाच. पण पंच ताकदवानाच्या बाजूचे असतील तर? जात पंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. समेट कुठे थांबतो आणि कायदा कुठे सुरू होतो, ती रेषा मुलांना दाखवायलाच हवी.

गुरुजी_निवृत्त
जात पंचायत आणि तंटामुक्ती समिती एका रांगेत बसवू नका. आमच्या समितीने गंभीर गुन्हा कधी हाती घेतला नाही. खन्नांची गोष्ट मात्र मोठी आहे. ती मी दहावीला सांगेन. आठवीला नाही.

शेतकरी_बाप
माझा मुलगा नववीत आहे. आमचा वाटणीचा दावा त्याच्या जन्माआधीपासून चालू आहे. बाररूम साहेब म्हणतात मुलांनी तारखा बघू नयेत. आमच्या पोराने त्या घरातच बघितल्या. तारखेच्या आदल्या दिवशी घरात कुणी नीट जेवत नाही, हे त्याला माहीत आहे. फक्त तारीख का पडते हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. शाळा सांगणार असेल तर मला हवंच आहे.

पण पुकारा ऐकायला त्याचे मित्र समोर बसलेले मलाही चालणार नाहीत.

माणदेशी
बाररूम, वर्गमित्राच्या घरच्या प्रकरणाचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. यापुढे मुलं शेजारच्या तालुक्यात नेईन, आणि बोर्डावर कोणती कामं आहेत ते आदल्या दिवशी विचारून. तरी प्रत्यक्ष कोर्ट सोडायला मी तयार नाही. अभिरूप न्यायालयात प्रत्येक साक्षीदार पाठ केलेलं उत्तर देतो. ‘वाचून कुणी दावलं न्हाई’ असं तिथे कुणी म्हणत नाही.

तारखांचंही लपवायला नको. रिकाम्या जागा, समन्स परत येणं, वकिलांचे मुदतीचे अर्ज, ही कारणं सांगता येण्यासारखी आहेत. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षं झगडत होते. का? कारण आमच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, जाण्यायेण्यात आणि मुक्कामात पैसा जायचा. न्याय किती लांब आहे हे मुलांना नकाशावर मोजून दाखवता येतं.

सोनकीताई, तो अर्ज मी वर्गात भरून घेणार आहे. मुलांकडूनही.

बाररूम
शेजारचा तालुका आणि नववीचा वर्ग एवढं मान्य. आठवीला माझा विरोध कायम. साक्षी पुराव्याचा दिवस निवडा, नाहीतर मी म्हणालो तेच दिसेल. कामकाज संपल्यावर तिथल्या अधीक्षकांकडून मुलांना एका जुन्या निकाली दाव्याचा प्रवास समजावून घ्या. वादपत्र (दाव्याचा अर्ज), कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), वादाचे मुद्दे, साक्षी, निकाल, प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते रोजनाम्यावरून दिसतं. शेतकरीदादा, तुम्हीही तुमच्या वकिलांकडे रोजनाम्याची नक्कल मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि कोणती तारीख कशामुळे पडली ते त्यात लिहिलेलं असतं.