आईची पाठ वाकलीय, स्वेटरचा पॅटर्न कसा बदलू?

खानापूरची_लोकरवेडी
नमस्कार, आईसाठी पुढून बटणाचा स्वेटर विणायला घेतलाय. वय ७४, अलीकडे पाठ वरच्या बाजूला बरीच वाकलीय, आणि इकडं दिवाळी झाली की पहाटे काय गारठा असतंय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे सकाळभर अंगात स्वेटर लागतोच. पण विकतचा कुठलाही घातला की मागून कंबरेवर चढतो, पुढून खाली लोंबतो, गळा मागे सरकतो आणि ती दिवसभर पुढून ओढत बसते. माझा पॅटर्न साधा आहे, एक ओळ सुलट एक उलट. ८ नंबरच्या सुया, ४ इंचात २२ टाके ३० ओळी येतात. छाती ३५, स्वेटर ३८ चा होईल. पाठीचा भाग १०४ टाक्यांवर मुंढ्यापर्यंत आलाय, मुंढा घटवून ७८ राहतील. पुढं काय करू? उसवायची तयारी आहे पण नको वाटतंय ओ.

निपाणीकर_वैनी
उसवू नका. पाठ खालून दोन इंच जास्त विणा की झालं, मागे चढला तरी बरोबरीत येतो. माझ्या सासूबाईंना तसंच करून देते.

टिळकवाडी_अक्का
वैनी, रागावू नका पण ते नाही पटत. खालून वाढवलं की बाजूची शिवण जुळत नाही, पाठ लांब आणि पुढचा भाग आखूड, मग ओढून शिवायचं आणि चुण्या पडायच्या. आणि गळा मागे सरकायचा तो सरकतोच, कारण कापड कमी पडतंय ते खाली नाही, वर पाठीच्या उंचवट्यावर. जिथं कमी तिथंच घालायला पाहिजे.

खानापूरवाल्या ताई, तुम्ही बरोबर ठिकाणी थांबलाय. आधी आईंना त्यांचा जुना स्वेटर घालून नेहमी उभ्या राहतात तसंच उभं करा (टेप दिसला की सगळे ताठ होतात, तसं नको) आणि मागची कड पुढच्यापेक्षा किती वर गेलीय ते मोजा. समजा दीड इंच. तुमच्या इंचाला साडेसात ओळी, म्हणजे साधारण १२ ओळी जादा पाहिजेत, पण फक्त मधे, कडेला नाही. त्यासाठी शॉर्ट रो, म्हणजे ओळ टोकापर्यंत न विणता मधूनच काम उलटवून मागं वळायचं. मुंढा घटवून ७८ टाके झाले की सरळ विणत उंचवट्याच्या उंचीपर्यंत या, ती मानेच्या हाडापासून खाली मोजून घ्या, प्रत्येकाची वेगळी असते. मग सुलट ओळीत शेवटचे ५ टाके सोडून वळा, उलट ओळीतही शेवटचे ५ सोडून वळा, पुढच्या वेळी १० सोडून, मग १५, असं दोन्हीकडे ३० पर्यंत. मधे १८ टाके उरतात. तेवढ्यात १२ ओळी होतात, आणि मग सगळ्या ७८ वर एक पूर्ण ओळ. पाठीवर वाटीसारखा फुगवटा येतो, मुंढ्याची कड आहे तेवढीच राहते, म्हणून शिवणीला काही त्रास नाही.

सुलट_उलट
अक्कांचं बरोबर, फक्त वळताना पुढच्या टाक्याला दोरा गुंडाळूनच वळा आणि पूर्ण ओळीत तो दोरा टाक्याबरोबर उचलून विणा, नाहीतर भोकं दिसतात, ॲक्रिलिकमध्ये तर जास्तच कारण ती लोकर धुऊन-ताणून बसत नाही आणि वाफेची इस्त्री लागली की कायमची लुळी पडते. जाळीची नक्षी किंवा पट्टे असते तर मी हे सुचवलंच नसतं, साध्या विणीत मात्र कळत नाही.

टिळकवाडी_अक्का
आणि एक, पाठ वाकली की खांदेही पुढं येतात. मागच्या खांद्याला ४ ओळी जास्त विणा, पुढच्याला ४ कमी. शिवण अर्धा इंच पुढं येऊन खांद्याच्या वर बसते. मुंढ्याचा एकूण घेर तेवढाच, बाहीला हात लावायची गरज नाही.

निपाणीकर_वैनी
बरं बाई, हे माहीत नव्हतं, सासूबाईंच्या पुढच्या स्वेटरला करून बघते. पण मग गळ्याच्या पट्टीचं काय, ती मागे उंच नको का?

टिळकवाडी_अक्का
हवीच. पट्टीसाठी टाके उचलले की मानेमागच्या टाक्यांवर दोन-तीन वेळा असंच वळून विणा, मागे जरा उंच होते. फार नको, वाकलेल्या मानेला टोचते. पट्टीला १० नंबर सुई.

खानापूरची_लोकरवेडी
आत्ताच मोजून आले, जुना मागे पावणेदोन इंच वर चढलाय. म्हणजे १२ ओळींऐवजी १४ धरू काय? आणि पुढचा भाग पॅटर्नच्याच लांबीचा ठेवू?

टिळकवाडी_अक्का
१२ नी दीडच्या वर होतंय, १४ नी पावणेदोनच्याही थोडं वर. १४ धरा, पण मग टप्पा ५ चा न ठेवता ४ चा घ्या, म्हणजे मधे २२ उरतील आणि फुगवटा टोकदार होणार नाही. पुढची लांबी तीच ठेवा, बाजूच्या शिवणीला जुळायला पाहिजे. आणि बटणं मोठी लावा ओ, या वयात बोटांनी बारीक बटण लागत नाही.